बुडून मृत्यू (न्यायवैद्यक)

पाण्यात सापडलेल्या प्रेताबाबत दोन प्रश्न सोडवावे लागतात. माणूस पाण्यात गेला तेव्हा जिवंत होता का? आणि असल्यास गेला कसा? पहिल्याचे उत्तर बहुधा प्रेत देते, दुसऱ्याचे क्वचितच. तोल जाऊन विहिरीत पडलेला, उडी टाकलेला आणि ढकललेला, तिघांचीही फुप्फुसे शवविच्छेदनात सारखीच दिसतात.

जिवंतपणी बुडालेल्याच्या नाकातोंडाशी बारीक पांढरा फेस येतो. पुसला तरी छाती दाबताच पुन्हा येतो. फुगलेल्या फुप्फुसांवर फासळ्यांचे वळ उमटतात. मुठीत गच्च धरलेले शेवाळ हा मोठाच पुरावा. हातापायांच्या सुरकुत्यांना मात्र अर्थ नाही. त्या पाण्यात टाकलेल्या प्रेतालाही पडतात. प्रेत कुजले असेल तर हाडातील मगज नायट्रिक आम्लात विरघळवून डायटम शोधतात. सिलिकाचे कवच असलेली ही सूक्ष्म शैवाले आम्लात टिकतात, आणि हृदय चालू असेल तरच रक्तातून मगजापर्यंत पोहोचतात, असे मानले जाते. चाचणी वादग्रस्त आहे. डायटम सापडले नाहीत म्हणून माणूस बुडालाच नाही, असे ठरत नाही.

हात बांधलेले दिसले की खुनाचा संशय येतो, पण आत्महत्या करणारेही कधीकधी स्वतःचे हात बांधून घेतात. म्हणून दोरी कापताना गाठ शाबूत ठेवतात: ती एकट्याला, दातांनी ओढून, मारता आली असती का हे पाहायचे असते. डॉक्टर अहवालात मृत्यूचे कारण लिहितो. अपघात, आत्महत्या की खून हे पंचनामा, जबाब आणि घटनास्थळ यांवरून पोलीस तपासात पुढे येते. बातमीतली ‘आकस्मिक मृत्यूची नोंद’ ही त्याची सुरुवात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली ही चौकशी होते.

इंग्लंडमध्ये 1912 ते 1914 या काळात जॉर्ज जोसेफ स्मिथच्या तीन बायका आंघोळीच्या टबात मेल्या. तिन्ही वेळा संशय आला नाही. पहिली बेसी मंडी, तिला तर फिट आली असे ठरले. तिसरीची बातमी वाचून दुसरीच्या वडिलांनी पोलीस गाठले. प्रेते उकरली, पण झटापटीच्या खुणा नव्हत्या. शवचिकित्सक बर्नार्ड स्पिल्सबरींनी टबच मोजायला घेतला. बेसीच्या उंचीपेक्षा तो आखूड होता. फिटेत अंग ताठ झाले असते तर डोके पाण्याबाहेर सरकले असते. तिच्या मुठीत साबण होता, म्हणजे मृत्यू एकाएकी आला होता. इन्स्पेक्टर नील यांनी पट्टीच्या पोहणाऱ्या स्त्रीला टबात बसवून अचानक पाय ओढले, तेव्हा ती क्षणात बेशुद्ध पडली आणि तिला शुद्धीवर आणायला बराच वेळ लागला. खटला फक्त बेसीच्या खुनाचा होता, तरी उरलेल्या दोन मृत्यूंचा पुरावाही न्यायालयाने ऐकून घेतला. ऑगस्ट 1915 मध्ये स्मिथला फाशी झाली.