फॉसबरी फ्लॉप

उंच उडीतील एक तंत्र. खेळाडू वळणावरून धावत येतो, काठीपासून लांबच्या पायावर उसळतो, हवेत काठीकडे पाठ करतो आणि डोके, खांदे, कंबर, पाय अशा क्रमाने पलीकडे जाऊन पाठीवर पडतो. अमेरिकेच्या डिक फॉसबरीने (१९४७–२०२३) १९६०च्या दशकात ते घडवले.

शाळेत असताना त्याला तेव्हाची प्रचलित स्ट्रॅडल उडी, म्हणजे पोट काठीकडे ठेवून तिच्यावरून वळत जाणे, काही केल्या साधेना. तो जुन्या कात्री उडीकडे, म्हणजे कात्रीच्या पात्यांसारखे पाय एकामागून एक काठीवरून नेण्याकडे, परतला. तिच्यात कंबर काठीला लागू नये म्हणून ती वर उचलताना खांदे आपोआप मागे झुकू लागले, आणि हळूहळू सगळी उडीच पाठीवर आली. याच काळात वाळू-भुशाच्या जागी फोमच्या गाद्या येत होत्या; त्या नसत्या तर मानेवर-पाठीवर पडण्याचे धाडस कुणी केले नसते.

२० ऑक्टोबर १९६८ रोजी मेक्सिको सिटी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत फॉसबरी प्रत्येक उडीआधी बराच वेळ मुठी आवळत, पुढे-मागे डोलत उभा राहायचा. २.२२ मीटरपर्यंतची प्रत्येक उंची त्याने पहिल्याच प्रयत्नात ओलांडली आणि २.२४ तिसऱ्या प्रयत्नात. तो ऑलिंपिक विक्रम ठरला. एड करूथर्सला रौप्य (२.२२), तर व्हॅलेंटिन गाव्रिलोव्हला कांस्य (२.२०) मिळाले. जागतिक विक्रम मात्र अजून व्हॅलेरी ब्रुमेलच्या स्ट्रॅडलचाच होता: २.२८ मीटर, १९६३.

पाहणाऱ्याचे लक्ष पाठीच्या कमानीकडे जाते, पण उडीचे खरे मर्म धावेच्या वळणात आहे. धाव साधारण ८ ते १२ पावलांची. सुरुवातीची पावले सरळ, शेवटची चार-पाच वळणावर. वळणावर शरीर आतल्या बाजूला, म्हणजे काठीपासून दूर कलते. त्यामुळे गुडघे फार न वाकवता, वेग न घालवता गुरुत्वमध्य (शरीराच्या वजनाचा मध्यबिंदू) खाली येतो. टेक-ऑफच्या, म्हणजे जमीन सोडून उसळण्याच्या, क्षणी शरीर त्या कलातून ताठ होते आणि काठीच्या दिशेने फिरण्याची गती आयती मिळते. मोकळ्या (न उसळणाऱ्या) पायाचा गुडघा वर आणि आत खेचला की पाठ काठीकडे वळते. कमान चांगली पडली, तर शरीर काठीवरून जात असताना गुरुत्वमध्य काठीच्या किंचित खालूनही जाऊ शकतो.

सर्वांत जास्त उड्या बिघडतात त्या काठीकडे लवकर झुकल्याने: शेवटच्या दोन पावलांत वळण सरळ झाले की उंची जाऊन नुसती लांबी मिळते आणि खांदे काठी पाडतात. टेक-ऑफ फार जवळून घेतला तर शरीर वर चढत असतानाच काठीला धडकते. हवेत बसल्यासारखी कंबर खचली तर काठी कमरेने पडते. कंबर पार होताच हनुवटी छातीकडे आणून पोटऱ्या झटकन वर घ्याव्या लागतात, नाहीतर टाचा घात करतात. टेक-ऑफचे पाऊल काठीला समांतर पडले तर घोट्यावर वाईट ताण येतो. ते धावेच्या दिशेतच पडले पाहिजे. गादीवर पडताना भार खांद्यांच्या मागच्या भागावर हवा, मानेवर नको.

स्ट्रॅडल लगेच संपली नाही. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये युरी टारमाक स्ट्रॅडलनेच जिंकला. महिलांत मात्र १६ वर्षांची उलरिके मेफार्थ फ्लॉपने विजयी झाली. १९७३ मध्ये ड्वाइट स्टोन्सने २.३० मीटरची उडी मारून फ्लॉपला पुरुषांचा पहिला जागतिक विक्रम मिळवून दिला. तरी १९७८ मध्ये व्लादिमीर याशचेन्कोने स्ट्रॅडलने २.३४ मीटरचा जागतिक विक्रम केला. हाविएर सोटोमायोरची १९९३ मधील २.४५ मीटरची विक्रमी उडी फ्लॉपची आहे.