नावे जागच्या जागी, हद्दी सरकल्या: मुंबईतील लोकसभा मतदारसंघांची पार्श्वभूमी

२००८ च्या मतदारसंघ फेररचनेत (हद्दी नव्याने आखण्यात) मुंबईतील लोकसभेच्या जागा सहाच राहिल्या आणि सहाही नावे तीच राहिली. त्यामुळे शहरात फारसे काही बदलले नाही असा समज झाला, आणि तो आजही टिकून आहे. प्रत्यक्षात त्याआधीच्या तीस वर्षांत झाली नव्हती एवढी उलथापालथ त्या एका आदेशाने केली. ‘दक्षिण मध्य’ गिरणगाव सोडून धारावी-चेंबूरकडे गेला. ‘उत्तर मध्य’ने दादर-माहीम सोडले आणि वांद्रे, विलेपार्ले घेतले. वायव्य मुंबईतून वांद्रे गेले आणि गोरेगाव आले. लालबाग-परळचा मतदार घर न बदलता दक्षिण मुंबईचा झाला.

त्याआधीचा इतिहास थोडक्यात असा. १९५२ मध्ये शहराला ‘उत्तर’ आणि ‘दक्षिण’ हे दोन मतदारसंघ होते आणि उपनगराचा मतदारसंघ वेगळा होता. म्हणजे तेव्हाचे ‘उत्तर’ हे बेटाचे उत्तर टोक होते. बोरिवली त्या नावात कुठेच नव्हती. ती जागा द्विसदस्यीय होती आणि तिथल्या राखीव जागेवर घटनेच्या शिल्पकारांना पराभव पत्करावा लागला. १९५७ मध्ये ‘मध्य’ हा मतदारसंघ आला. तोही द्विसदस्यीय होता, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत तिथून समितीचे दोन्ही उमेदवार निवडून गेले. १९६१ च्या कायद्याने द्विसदस्यीय पद्धत संपली आणि १९६२ मध्ये ‘मध्य दक्षिण’ व ‘मध्य उत्तर’ अशी जोडी तयार झाली. १९६७ मध्ये पुन्हा ‘मध्य दक्षिण’ आणि नुसते ‘मध्य’. ज्या माजी संरक्षणमंत्र्यांनी, कृष्ण मेनन यांनी, १९५७ आणि १९६२ मध्ये ‘उत्तर’ जिंकले, ते १९६७ मध्ये ‘ईशान्य’मध्ये हरले. आज ओळखीची असलेली सहा नावे एकत्र आली ती १९७१ च्या जनगणनेवर आधारलेल्या फेररचनेत, आणि त्यांवर पहिली निवडणूक झाली १९७७ ची.

पुढची तीस वर्षे ही रचना गोठलेली होती. १९७६ च्या घटनादुरुस्तीने जागांची फेरवाटणी २००० नंतरच्या जनगणनेपर्यंत थांबवली. पुढे ती मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढली, पण राज्यांतर्गत हद्दी बदलायला मुभा मिळाली आणि त्यासाठी २००१ ची जनगणना आधार धरायचे ठरले. या मधल्या काळात गिरण्या बंद पडल्या, चाळीतली माणसे दहिसर, मुलुंड, डोंबिवली, विरारला गेली, आणि मतदारसंघ मात्र १९७१ च्या मुंबईचेच राहिले. १९९० मध्ये मुंबई शहर आणि मुंबई उपनगर असे दोन जिल्हे झाले. त्या वेळी महसुली सोय म्हणून पाहिली गेलेली ही रेघ पुढे निर्णायक ठरली.

कारण फेररचना करणाऱ्या आयोगाने विधानसभेच्या जागा जिल्हानिहाय वाटल्या. २००१ मध्ये राज्याची लोकसंख्या ९ कोटी ६९ लाखांच्या आसपास होती. २८८ ने भागले की एका जागेमागे सुमारे ३ लाख ३६ हजार माणसे येतात. शहर जिल्ह्यात ३३ लाख ३८ हजार लोक होते, म्हणजे १० जागा. उपनगर जिल्ह्यात ८६ लाख ४० हजार, म्हणजे २६. आधी दोन्हीकडे १७-१७ होत्या. ऑपेरा हाउस, उमरखाडी, खेतवाडी, चिंचपोकळी, नागपाडा, माझगाव, नायगाव, परळ, दादर, माटुंगा ही विधानसभेची नावे एका फटक्यात पुसली गेली. हे गणित चुकीचे नव्हते. उपनगरातल्या माणसाच्या मताची किंमत तोवर शहरातल्या माणसाच्या मतापेक्षा निम्म्याहूनही कमी भरत होती, आणि तो अन्याय दूर होणे आवश्यकच होते.

अडचण पुढच्या टप्प्यावर आली. राज्यात ४८ खासदार आणि २८८ आमदार, म्हणून सहा विधानसभा मिळून एक लोकसभा. शहराच्या १० जागांपैकी सहा दक्षिण मुंबईला गेल्या: कुलाबा, मुंबादेवी, मलबार हिल, भायखळा, वरळी, शिवडी. उरल्या चार: माहीम, वडाळा, सायन कोळीवाडा, धारावी. दक्षिण मध्य पूर्ण करायला उपनगरातून दोन जागा आणणे भाग होते, आणि त्या कोठून आणायच्या हा त्या फेररचनेतला खरा वादाचा निर्णय. पश्चिमेला माहीमच्या कॉजवेपलीकडे वांद्रे होते, मध्ये सायनला लागून कुर्ला होते आणि पूर्वेला चेंबूर-ट्रॉम्बे. निवड झाली ती चेंबूर आणि अणुशक्तीनगरची.

कायद्याची कसोटी अशी आहे की मतदारसंघ सलग व आटोपशीर असावा, नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी आणि दळणवळण लक्षात घ्यावे, लोकांची सोय पाहावी. सायन-ट्रॉम्बे रस्ता आणि हार्बर लाईन पाहिली तर चेंबूर वडाळा-सायनला जोडलेले आहे, यात शंका नाही. पण महापालिकेचा एम पूर्व विभाग या निर्णयाने दोन खासदारांत वाटला गेला. अणुशक्तीनगर आणि ट्रॉम्बे दक्षिण मध्यमध्ये, तर शेजारचे मानखुर्द-शिवाजीनगर ईशान्य मुंबईत, थेट मुलुंडपर्यंतच्या पट्ट्याबरोबर. देवनारच्या कचराभूमीला २०१६ मध्ये आगी लागल्या तेव्हा धूर गोवंडीतही होता आणि चेंबूरमध्येही. कचराभूमी एका लोकसभा मतदारसंघात आणि तिचा धूर खाणारी निम्मी वस्ती दुसऱ्यात, हे चित्र सोयीच्या कसोटीला उतरत नाही. शहराच्या सर्वांत गरीब भागांपैकी एक असलेल्या या पट्ट्याला एकसंध आवाज मिळायला हवा होता. प्रारूप जाहीर झाले, हरकती ऐकल्या गेल्या, राज्यातले काही खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसले, पण त्यांना मताचा अधिकार नव्हता, आणि अंतिम आदेश निघाल्यावर न्यायालयाचा दरवाजाही जवळपास बंदच असतो.

नावांचा गुंता इथेच वाढतो. नकाशावर पाहिले तर ट्रॉम्बे साधारण दादर-धारावीच्याच रेषेत येते, म्हणून ‘दक्षिण मध्य’ भूगोलाला धरून आहे असे म्हणता येईल. पण मुंबईकर दिशा नकाशावरून ठरवत नाही, रेल्वेवरून ठरवतो. त्याचे पूर्व-पश्चिम म्हणजे स्टेशनाच्या या बाजूचे आणि त्या बाजूचे, आणि त्याचे जग म्हणजे वेस्टर्न, सेंट्रल किंवा हार्बर. विलेपार्ल्याचा माणूस आणि चांदिवलीचा माणूस एकाच ‘उत्तर मध्य’मध्ये आहेत हे दोघांनाही मतदानाच्या वेळीच आठवते. याच आदेशात विधानसभेला मात्र मागाठाणे, चारकोप, दिंडोशी अशी मातीतली नावे मिळाली. जुन्या गावांची ही नावे पाटीवर परत आली ही चांगली गोष्ट झाली. लोकसभेला तसे काही करता आले नसते असे नाही. ‘वांद्रे-कुर्ला’ किंवा ‘धारावी-चेंबूर’ म्हटले असते तर निदान कोणाचा मतदारसंघ कुठे आहे हे नावावरून कळले असते.

नाव तेच ठेवल्याचा दुसरा परिणाम निकालांच्या वाचनात दिसतो. २००४ मध्ये तत्कालीन लोकसभा अध्यक्ष ‘उत्तर मध्य’मधून हरले. ती लढत दादर, माहीम, धारावीची होती. आज तोच आकडा वांद्रे-विलेपार्ल्याच्या आकड्याशेजारी ठेवून ‘या मतदारसंघाचा कल’ सांगितला जातो. वांद्र्याचा मतदार ज्या दत्त घराण्याला ‘वायव्य’मधून निवडून देत होता, त्याच घराण्यातील उमेदवाराला २००९ मध्ये त्याने ‘उत्तर मध्य’मधून निवडून दिले. २००९ च्या आधीची आणि नंतरची तुलना मुंबईत नावावरून करता येत नाही, ती वस्तीवरूनच करावी लागते.

मुंबईबाहेर नावे स्थळांची आहेत, तरी गोंधळ सुटलेला नाही. जुना ठाणे मतदारसंघ देशातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक होता. २००८ मध्ये त्यातून कल्याण वेगळा झाला. पण कल्याण पश्चिम, म्हणजे दुर्गाडी किल्ल्याचे जुने कल्याण, भिवंडी लोकसभेत गेले आणि ठाणे महापालिकेतले कळवा-मुंब्रा कल्याण लोकसभेत आले. वसई तोवर ‘उत्तर मुंबई’त होती. ती पालघर या अनुसूचित जमातींसाठी राखीव जागेत गेली. वसई किल्ल्याचा परिसर तीन दशके मुंबईचा खासदार निवडत होता, हे आता तिथल्या तरुणांनाही सांगावे लागते.

नाव नंतर बदलणे सोपे नाही. जिल्ह्याचे किंवा प्रशासकीय विभागाचे नाव वा हद्द बदलली तर आदेशातला तेवढा मजकूर दुरुस्त होतो, छपाईच्या चुकाही काढता येतात. त्यापलीकडे पुढच्या फेररचनेची वाट पाहावी लागते, आणि ती आता दूर नाही. नव्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे.

२०११ च्याच आकड्यांवर तेच गणित करून पाहिले, जागा २८८ धरल्या, तर एका जागेमागे सुमारे ३ लाख ९० हजार लोक येतात. शहर जिल्ह्याची लोकसंख्या तोवर ३० लाख ८५ हजारांवर घटली होती. तिला ८ जागा. उपनगराच्या ९३ लाख ५७ हजारांना २४. एकूण ३२, म्हणजे सहाच्या हिशेबाने पाच खासदार आणि दोन विधानसभा शिल्लक. एकूण जागा वाढल्या तरी राज्यातला मुंबईचा वाटा याच दिशेने सरकेल. तसे झाले तर निदान एका मतदारसंघाला दहिसरचा नाका किंवा ऐरोलीची खाडी ओलांडावी लागेल, आणि मीरा-भाईंदर किंवा ऐरोली पोटात घेणाऱ्या त्या जागेला ‘मुंबई’ म्हणायचे का, हे आयोगाला हद्दीबरोबरच ठरवावे लागेल.