उन्हाची धाप आणि आजाराची धाप

सोलापूर, बार्शी, मोहोळ, पंढरपूर या भागात ऐन एप्रिल-मेमध्ये परसासाठी कोंबड्या आणल्या जातात आणि दुसऱ्याच दुपारी एक प्रश्न हमखास विचारला जातो: नव्या कोंबड्या चोच उघडून धापा टाकत आहेत, कोणते औषध द्यावे? उत्तरेही ठरलेली असतात. एक जण सर्दी झाली असे सांगून प्रतिजैविकाची पूड पाण्यात घालायला आणि शेडचे पडदे सोडायला लावतो. दुसरा ऊन लागले एवढेच म्हणून त्या कोंबड्या बिनधास्त जुन्या कोंबड्यांत मिसळायला सांगतो. पहिल्या सल्ल्याने निरोगी कोंबड्या उकाड्याने मरतात, दुसऱ्याने संपूर्ण कळप आजारी पडतो; आणि दोन्ही सल्ले कोंबडीकडे नीट न पाहताच दिलेले असतात. धाप दोन प्रकारची असते आणि त्या दोन्ही वेगळ्या ओळखता येतात, म्हणून हा लेख.

उन्हाची धाप इथल्या कोणालाही नवी नाही, तेव्हा तिच्याविषयी थोडक्यात. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात आणि तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ ते ४२ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. मेमध्ये सोलापूरची दुपार चाळीस अंशांपुढे गेली की हवा आणि कोंबडीचे अंग यांत जवळजवळ फरक उरत नाही. पंख अंगापासून दूर धरून किंवा तुऱ्यातून उष्णता बाहेर टाकण्याचा उपाय थकतो. मग उरतो तो एकच मार्ग, भराभर श्वास घेऊन घशातला आणि श्वासमार्गातला ओलावा उडवण्याचा. म्हणजे ही धाप हा रोग नसून कोंबडीने स्वतःवर चालवलेला उपचार आहे, आणि त्याला औषध लागत नाही, सावली, वारा आणि पाणी लागते.

आजाराच्या धापेमागे मुख्यतः राणीखेत, म्हणजे गावोगाव ज्याला मानमोडी म्हणतात तो विषाणूजन्य रोग, किंवा मायकोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूमुळे होणारा जुनाट श्वसनविकार असतो. यात श्वासनलिका सुजते, तिच्यात चिकट स्राव साचतो आणि हवा आत जाण्यालाच अडथळा होतो. उन्हाने धापणाऱ्या कोंबडीचा श्वासमार्ग मोकळा असतो, आजारी कोंबडीचा तो अडलेला असतो. पुढची सर्व लक्षणे या एकाच फरकातून येतात.

मान पाहावी. उन्हाने धापणारी कोंबडी चोच सतत उघडी ठेवते, गळ्याची कातडी एका लयीत थरथरते, श्वास उथळ आणि फार जलद असतो. मान मात्र स्थिर राहते. आजारी कोंबडी प्रत्येक श्वासासाठी मान वर ताणते, चोच मोठी उघडते, हवा ओढून घेते, चोच मिटते आणि पुन्हा तेच करते. तिचा श्वास संथ आणि कष्टाचा असतो, आणि त्या ओढीबरोबर पोट व शेपटीही हलते. हे दृश्य एकदा लक्षात आले की दुरूनही फरक कळतो.

मग ऐकावे. उन्हाची धाप जवळपास निःशब्द असते. आजाराची धाप घरघरते. मध्येच शिंक, खोकल्यासारखा आवाज किंवा चिरका सूर येतो. दिवसा रस्त्याच्या आणि पंख्याच्या आवाजात ही घरघर ऐकू येत नाही, म्हणून रात्री कोंबड्या बसल्यावर दिवा न लावता जवळ जाऊन काही मिनिटे शांत उभे राहावे. माझ्या मते पूर्ण तपासणीत यापेक्षा स्वस्त आणि खात्रीची कसोटी एकच आहे, ती म्हणजे पहाट.

पहाटेच्या कसोटीवर मी मुद्दाम अधिक भर देतो, कारण बहुतेक घोळ इथेच सुटतो आणि नेमके हेच कोणी करत नाही. सोलापूरची उन्हाळी हवा बहुतेक दिवस कोरडी असते, त्यामुळे रात्र उतरता उतरता पारा बराच खाली येतो आणि सूर्योदयाच्या आधीचा तास दिवसातला सर्वांत थंड असतो. त्या वेळी निरोगी कोंबडीची चोच मिटलेली असलीच पाहिजे. मिटलेली नसेल, तर दुपारच्या उन्हावर बोट ठेवण्यात अर्थ नाही. मात्र ही पाहणी संध्याकाळी सात-आठला करून निष्कर्ष काढू नये. पत्र्याचे छप्पर आणि सिमेंटची भिंत दिवसभर साठवलेली उष्णता तेव्हा आत सोडत असते. वळीव पडून गेल्यावर तर हवा दमट होते, ओलावा उडेनासा होतो आणि निरोगी कोंबड्याही रात्री उशिरापर्यंत धापतात. शेड रात्रभर बंद ठेवले असेल तर पहाटेची कसोटीसुद्धा निरुपयोगी ठरते. आधी बाजू उघड्या कराव्यात आणि दुसऱ्या पहाटे पाहावे.

किती कोंबड्या धापतात हेही बोलके असते. ऊन सर्वांना एकदम लागते. वजनदार कोंबड्या आधी धापतात, हलक्या गावरान तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, उशिरा, पण दुपारपर्यंत सगळ्यांचीच चोच उघडते. आजार एका-दोघींपासून सुरू होतो आणि काही दिवसांनी इतरांत दिसतो. राणीखेतची लक्षणे लागण झाल्यावर साधारण दोन ते पंधरा दिवसांत, बहुतेकदा पाच-सहा दिवसांत दिसू लागतात. बाजारातून ठणठणीत आणलेली कोंबडी आठवड्याने धापू लागली, तर ती ‘इथली हवा मानवली नाही’ म्हणून नव्हे, संसर्ग बरोबर घेऊन आली असावी म्हणून.

विष्ठेवरून निदान करणाऱ्यांची घाई मला विशेष खटकते. हिरवी विष्ठा दिसली की मानमोडी ठरवून मोकळे होतात. प्रवासात उपाशी राहिलेल्या कोंबडीच्या आतड्यात अन्न नसते आणि पित्ताचा हिरवा रंग तसाच बाहेर येतो, म्हणून पहिल्या दिवशीच्या हिरव्या विष्ठेवरून काहीच ठरत नाही. पोटभर दाणे खाऊ लागल्यावरही विष्ठा हिरवी पातळ राहिली, डोळ्यात फेस आला, नाक वाहू लागले, मान वाकडी झाली किंवा पाय लुळे पडले, तर मात्र पशुवैद्यकाकडे जाण्यात एक दिवसही घालवू नये. पाण्यासारखी रंगहीन विष्ठा दुपारच्या अतिपाण्यामुळे येते आणि धुळीत आडवी पडून पंख पसरणारी कोंबडी मरत नसते, धुळीने अंग घासत असते. या दोन गोष्टींची चिंता सोडून द्यावी.

दोन्हींपैकी काहीही असो, पहिल्या रात्रीची व्यवस्था एकच असते. कोंबड्या भल्या पहाटे किंवा सूर्यास्तानंतर आणाव्यात, भर दुपारी दुचाकीला उलट्या लटकवून आणणे हा निव्वळ क्रूरपणा आहे. नवे घर कळावे म्हणून त्यांना काही दिवस आत कोंडावे, हा सल्ला थंड हवेसाठी योग्य आहे. इथे तो लाकडी खुराड्यात किंवा पत्र्याच्या पेटीत पाळला तर आतल्या कोंबड्या दुपार पाहत नाहीत. हेतू त्या जागेची सवय लागावी एवढाच असतो आणि तो चारी बाजूंनी जाळी असलेल्या, वर कडब्याची किंवा उसाच्या पाचटाची जाड सावली घातलेल्या कुंपणातही तितकाच साधतो. पत्र्यावर चुना मारावा. पाचट वाळलेले असल्याने त्याच्या जवळ चूल किंवा दिवा नसावा. जाळीवर ओले गोणपाट लावणे चांगले, पण ते फक्त वाऱ्याच्या एकाच बाजूला. चारी बाजूंनी लावले तर आत दमट हवा कोंडते आणि नेमकी धापच निकामी होते.

पाणी कोंबड्यांपुढे ठेवण्याआधी त्यात हात बुडवून पाहावे. काही दिवसांआड येणारे नळाचे पाणी आपण गच्चीवरच्या टाकीत साठवतो आणि दुपारी ते इतके तापते की कोंबड्या त्याला तोंड लावत नाहीत. माठातले पाणी पसरट मातीच्या भांड्यात, सावलीत, दोन-तीन ठिकाणी ठेवावे आणि नव्या कोंबडीची चोच एकदा हलकेच त्यात बुडवून तिला जागा दाखवावी. थोडा गूळ आणि चिमूटभर मीठ पहिल्या दिवशी पुरते. प्रतिजैविकाची पूड मात्र आपल्या मनाने अजिबात नको: ती राणीखेतच्या विषाणूवर चालत नाही, उन्हावर तर नाहीच, आणि तिच्या कडू चवीमुळे कोंबडी जे पाणी प्यायली असती तेही सोडते. कोसळलेल्या कोंबडीला बर्फाच्या पाण्यात बुडवू नये. सावलीत आणून साध्या पाण्याने पाय आणि तुरा भिजवावा. दाणे सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर द्यावेत, कारण पचनाची उष्णता भर दुपारच्या उकाड्यात भर घालते.

नव्या कोंबड्या जुन्यांपासून तीन आठवडे वेगळ्या ठेवाव्यात, भांडीही वेगळी असावीत आणि काम नेहमी जुन्या कोंबड्यांकडून नव्यांकडे या क्रमाने करावे. खरेदी करताना राणीखेतची लस केव्हा दिली ते विचारावे: पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा आणि साधारण आठव्या आठवड्यानंतर आर-टू-बी हा नेहमीचा क्रम आहे. उत्तर मिळाले नाही तर लस दिलेली नाही असे धरून चालावे, पण आल्या दिवशी, थकलेल्या आणि धापणाऱ्या कोंबडीला ती टोचू नये. कोंबड्या सावरल्यावर सकाळच्या गारव्यात द्यावी. या काळात एखादी कोंबडी मेली, तर ती ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता प्लॅस्टिकच्या दुहेरी पिशवीत, बर्फावर ठेवून त्याच दिवशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी. एकाच वेळी अनेक मेल्या तर हात न लावता तिथे आधी कळवावे.