आयत रद्द झाली की फक्त आवळली गेली? नस्ख आणि तख्सीस

कुरआनाच्या दुसऱ्या सूरेत, अल-बकरात, विधवांविषयी दोन आयती आहेत. दोहोंच्या मध्ये फक्त पाच आयती. आधीची आयत (२:२३४) म्हणते की नवरा वारला तर बायकोनं चार महिने दहा दिवस थांबावं, मग ती आपला निर्णय घ्यायला मोकळी. नंतरची (२:२४०) म्हणते की मरणाऱ्यानं बायकोसाठी वर्षभराच्या खर्चाची वसीयत, म्हणजे मृत्युपत्रातली तरतूद, करून ठेवावी आणि तिला घराबाहेर काढलं जाऊ नये. वाचणाऱ्याला प्रश्न पडतोच: थांबायचं किती? चार महिने दहा दिवस, की वर्ष?

हा प्रश्न पहिल्या पिढीलाही पडला होता. खलिफा उस्मान कुरआनाची प्रत लिहून घेत होते, तेव्हा अब्दुल्ला इब्न जुबैर यांनी त्यांना विचारलं, की वर्षाची आयत दुसऱ्या आयतीनं उठवली आहे, मग ती लिहिता कशाला? उस्मान यांचं उत्तर बुखारींच्या हदीससंग्रहात, म्हणजे पैगंबर आणि त्यांच्या पिढीविषयीच्या नोंदींच्या संग्रहात, आहे. पुतण्या, यातलं काहीही मी जागचं हलवणार नाही, असं ते म्हणाले. गंमत अशी की उठवणारी आयत पोथीत आधी येते आणि उठवली गेलेली नंतर. कुरआनातला क्रम हा अवतरणाचा क्रम नाही. कायद्याच्या आयती वाचताना पाय घसरतो तो बहुतेक वेळा इथेच.

इब्न जुबैर यांनी वापरलेला शब्द होता नस्ख. त्याच्या शेजारी पुढे आणखी एक शब्द येऊन बसला: तख्सीस. आपल्याकडे इस्लामी कायद्यावर बोलताना हे दोन्ही एकाच टोपलीत टाकले जातात आणि मग ‘कुरआनातल्या शेकडो आयती रद्द आहेत’ अशी विधानं बिनदिक्कत केली जातात. कधी टीका म्हणून, कधी बचाव म्हणून. मला दोन्ही बाजूंचं हे बोलणं खटकतं, कारण ज्या फकीहांनी, म्हणजे धर्मशास्त्रज्ञांनी, या आयतींवर आयुष्य घातलं, त्यांनी ही दोन कामं नीट वेगळी करायला दोनशे वर्षं खर्ची घातली.

सरकारी कागद वाचणाऱ्याला हा फरक चटकन कळेल. नवा जीआर निघतो आणि त्यात लिहिलेलं असतं, ‘यापूर्वीचा शासन निर्णय अधिक्रमित करण्यात येत आहे’. म्हणजे जुना निर्णय कालपर्यंत खरा होता, सगळ्यांना लागू होता, आजपासून तो कुणालाच लागू नाही. हा नस्ख. उलट एखाद्या कलमाखाली ‘परंतु’ म्हणून परंतुक येतं, की अमुक लोकांना हे कलम लागू असणार नाही. कलम जिवंतच असतं, त्याचं कुंपण तेवढं आत सरकतं. ही तख्सीस.

नस्खचं निर्विवाद म्हणावं असं उदाहरण अट्ठावन्नाव्या सूरेत आहे. बाराव्या आयतीत सांगितलं, पैगंबरांशी खासगीत बोलायचं असेल तर आधी काही दान द्या. तेराव्या आयतीत ती अट उठली. पैगंबरांचे जावई अली यांच्याविषयी सांगतात की मधल्या काळात त्यांनी एक दीनार मोडून दहा दिरहम घेतले आणि दर भेटीआधी एक एक दिरहम दान केला. अट खरी होती, तिच्यावर अंमल झाला, मग ती गेली. नस्खला हे सगळं लागतं: आधी काय आणि नंतर काय हे ठाऊक हवं, दोन हुकूम एकत्र नांदूच शकत नाहीत असा खरा विरोध हवा, आणि उठवणारा अधिकार मूळ हुकूम देणाऱ्याच्या तोडीचा हवा. म्हणून ६३२ साली पैगंबर वारले त्या दिवशी हा दरवाजा बंद झाला. त्यानंतर कुठलाही खलिफा किंवा काझी आयतीचा नस्ख करू शकत नाही. झालेला नस्ख ओळखणं एवढंच काम फकीहांकडे उरलं.

तख्सीसचं उदाहरण पाहायचं तर चोरीची आयत (५:३८) घ्या. शब्द सरसकट आहेत: चोर, पुरुष असो वा स्त्री, हात तोडा. पण शब्दांना चिकटून उचललेल्या प्रत्येक वस्तूला ही शिक्षा लावावी असं चारही प्रमुख सुन्नी पंथांपैकी एकानंही म्हटलं नाही. माल विशिष्ट किमतीचा हवा. शाफई पंथाच्या मते पाव दीनार, हनफी पंथाच्या मते दहा दिरहम. तो कडीकुलपात किंवा राखणीत ठेवलेला हवा. उघड्यावर पडलेली वस्तू उचलणारा या आयतीत येत नाही. आयत रद्द झाली असं यातला कुणीच म्हणत नाही. ‘चोर’ या शब्दात मुळात कोण अभिप्रेत होतं, एवढंच ते सांगतात.

दोन्हींतला खरा भेद इथे आहे. नस्खमध्ये हुकूम एके काळी त्या माणसाला लागू होता आणि मग उठला. तख्सीसमध्ये तो माणूस त्या हुकमात कधी धरलेलाच नव्हता. शब्द ऐकून आपल्याला तसं वाटलं होतं.

आता पुन्हा विधवेकडे येऊ. कायद्याची आयत माणसाच्या आयुष्यात कशी उतरते हे तिच्याइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

सुबैआ अल-अस्लमिया नावाची स्त्री. पैगंबरांच्या अखेरच्या हजच्या काळात तिचा नवरा साद इब्न खौला मक्केत वारला तेव्हा ती गरोदर होती. काही दिवसांतच ती बाळंत झाली. बाळंतपणातून उठल्यावर नवी मागणी येईल म्हणून ती नटली. अबू सनाबिल नावाच्या गृहस्थानं तिला पाहिलं आणि सुनावलं, की चार महिने दहा दिवस होईपर्यंत तुला लग्न करता येणार नाही. संध्याकाळ झाली तशी ती अंगावर कपडे नीट घेऊन थेट पैगंबरांकडे गेली आणि विचारलं. उत्तर मिळालं: बाळंत झालीस तेव्हाच तू मोकळी झालीस.

अबू सनाबिल चुकीची आयत वाचत नव्हता. २:२३४ मध्ये गरोदर आणि बिनगरोदर असा भेद नाही. पण पासष्टाव्या सूरेत, अत-तलाकमध्ये, चौथी आयत सांगते की गरोदर स्त्रियांची मुदत बाळंत होईपर्यंत. ही सूरा तलाकची. मग तिच्यातली ओळ विधवेला लावायची का? अली आणि इब्न अब्बास या पैगंबरांच्या सोबत्यांचं मत असं नोंदलं आहे की दोन मुदतींपैकी जी लांब असेल ती पाळावी. म्हणजे दोन्ही आयतींचा मान राहतो. आणखी एक सोबती, इब्न मसूद, ठामपणे वेगळं म्हणत. त्यांचा मुद्दा असा, की तलाकची ही धाकटी सूरा थोरल्या सूरेनंतर, म्हणजे बकरानंतर, अवतरली आहे.

इब्न मसूद इथे काळाचा दाखला देतात, आणि काळाचा दाखला हे नस्खचं हत्यार. पण निष्कर्ष पाहा. चार महिने दहा दिवसांची आयत उठली का? नाही. बिनगरोदर विधवेला ती आजही लागू आहे. फक्त गरोदर विधवा तिच्यातून बाहेर निघाली. शाफई फकीह याला तख्सीस म्हणतील. हनफी म्हणतील की सरसकट हुकूम आधी येऊन लागू झाला होता आणि विशिष्ट हुकूम मागाहून आला, तेव्हा तेवढ्या भागापुरता हा नस्खच. सुबैआला दोघांकडून एकच उत्तर मिळतं, फक्त त्याला दिलेलं नाव वेगळं.

आणि वर्षाची आयत? बहुसंख्य फकीह तिला नस्ख झालेली मानतात. पण मक्केचे मुजाहिद, इब्न अब्बासांचे शिष्य, यांचं एक मत बुखारींनीच जपून ठेवलंय. चार महिने दहा दिवस सक्तीचे. उरलेले सात महिने वीस दिवस हा विधवेचा हक्क, तिला राहायचं तर राहावं, जायचं तर जावं. आयतीत ‘त्या आपणहून निघून गेल्या तर तुमच्यावर दोष नाही’ असे शब्द आहेतच. हे मत बहुसंख्यांनी घेतलं नाही, पण मला ते फार मोलाचं वाटतं. दोन आयती भांडताहेत असं म्हणण्याआधी त्या एकमेकींशेजारी बसू शकतात का हे पाहण्याची चिकाटी त्यात आहे.

गोंधळाचं मूळ मात्र शब्दात आहे. पहिल्या दोन पिढ्यांमध्ये, म्हणजे सहाबा (पैगंबरांचे सोबती) आणि ताबिईन (त्यांच्या नंतरची पिढी) यांच्या बोलण्यात, नस्ख हा फार ऐसपैस शब्द होता. आधीच्या वाक्याचा वरवरचा अर्थ पुढच्या वाक्यानं बदलला, की झाला नस्ख. सव्विसाव्या सूरेच्या शेवटी कवींवर टीका आहे, की वाट चुकलेलेच त्यांच्या मागे जातात. लगेच पुढे ‘श्रद्धा ठेवून सत्कृत्यं करणारे सोडून’ असा अपवाद आहे. इब्न अब्बास याबद्दल म्हणतात, की यातून नस्ख केला आणि अपवाद केला. एकाच ओघातल्या ‘सोडून’लाही ते नस्ख म्हणतात! इथे काहीच रद्द झालेलं नाही. चौदाव्या शतकातले अंदलुसी फकीह शातिबी यांनी हे मुद्दाम नोंदवलं, की जुन्या लोकांचा नस्ख आणि नंतरच्यांचा नस्ख एक धरू नका.

ज्यांनी धरला, त्यांच्या याद्या फुगल्या. नस्ख झालेल्या आयतींची संख्या काही ग्रंथांत दोनशेच्या वर गेली. मग उलटी गाळणी सुरू झाली. इजिप्तचे सुयूती (मृत्यू १५०५) ती विसाच्या घरात आणतात. दिल्लीचे शाह वलीउल्लाह (मृत्यू १७६२) आपल्या फारसी ग्रंथात ती वीस पुन्हा तपासतात आणि हाती उरतात पाच. विधवेच्या वर्षाची आणि खासगी भेटीआधीच्या दानाची आयत त्या पाचांत आहेत. दोनशेवरून पाचावर येताना कुरआनातला एक शब्दही बदलला नव्हता. बाकीच्यांतल्या बहुतेक परंतुकं होत्या, अधिक्रमणं नव्हेत.

दोन्हींच्या मध्ये पद्धतशीर भिंत घालण्याचं श्रेय मी शाफई पंथ ज्यांच्या नावानं ओळखला जातो त्या इमाम शाफईंना देईन. ७६७ साली जन्मलेले, मदिनेत मालिकांकडे आणि पुढे बगदादेत अबू हनीफांचे शिष्य मुहम्मद शैबानी यांच्याकडे शिकलेले, ८२० साली इजिप्तमध्ये वारलेले. त्यांच्या ‘रिसाला’ या ग्रंथात सरसकट शब्द कोणते, सरसकट दिसणारे पण विशिष्ट अर्थाचे कोणते, आणि उठवले गेलेले कोणते, हे वेगवेगळ्या प्रकरणांत येतं. त्यांच्या मते सरसकट शब्दात अपवादाची शक्यता गृहीतच असते, म्हणून एकाच साखळीतून आलेली भरवशाची हदीससुद्धा आयतीला आवळू शकते.

हनफींना हे पटलं नाही. त्यांच्या लेखी आयतीचा सरसकट शब्दही पक्का आणि निश्चित. एखाददुसऱ्या माणसानं सांगितलेली हदीस त्याला हात लावू शकत नाही. याचा परिणाम न्यायालयात दिसतो. कर्जाच्या आयतीत (२:२८२) साक्षीदार सांगितलेत: दोन पुरुष, नाहीतर एक पुरुष आणि दोन स्त्रिया. समजा फिर्यादीकडे एकच साक्षीदार आहे आणि फिर्यादी स्वतः शपथ घ्यायला तयार आहे. मालिक आणि शाफई म्हणतात, पैगंबरांनी असा निवाडा दिल्याची हदीस आहे, तेव्हा चालेल. आयत खोडली गेली नाही, तिच्या जोडीला आणखी एक वाट कळली. हनफी म्हणतात, आयतीनं वाटा मोजून दिल्या आहेत. तिसरी वाट जोडणं म्हणजे आयतीत भर घालणं, आणि भर घालणं हाही नस्खच. तसा नस्ख एवढ्याशा हदीसनं होत नाही. सबब, दावा फेटाळला. फिर्यादीचे पैसे मिळणार की बुडणार, हे नस्खची व्याख्या किती रुंद धरली यावर ठरतं.

आपल्याकडेही हा फाटा पोहोचला आहे. कोकणी मुसलमान शाफई, तर घाटावरचे बहुतेक हनफी. ‘ज्यावर अल्लाहचं नाव घेतलं नाही ते खाऊ नका’ (६:१२१) ही आयत दोघेही वाचतात. हनफी मतानं, कापताना मुसलमानानं जाणूनबुजून नाव घेतलं नाही तर ते मांस वर्ज्य; विसरला तर चालेल. शाफई मतानं, नाव घेणं उत्तम, पण राहून गेलं तरी मांस खाण्याजोगं. आयतीचा रोख अल्लाहखेरीज दुसऱ्याच्या नावानं कापलेल्यावर आहे. आयत रद्द आहे असं दोघांपैकी कुणीच म्हणत नाही.

शेवटी वसीयतीची आयत (२:१८०). मरण जवळ आलं तर आईवडील आणि नातलगांसाठी वसीयत करावी, असा तिचा हुकूम. पुढे चौथ्या सूरेत वारसांचे हिस्से ठरले आणि ‘वारसाला वसीयत नाही’ ही हदीस सर्वत्र मान्य झाली. बहुसंख्यांनी म्हटलं, २:१८० संपली. शाह वलीउल्लाह यांच्या पाचांत तीही आहे. पण येमेनचे ताबिई ताऊस म्हणत, आईवडिलांपुरती ती उठली. ज्या नातलगांना वारसा मिळत नाही त्यांच्यासाठी ती उभी आहे. शाफईंनी रिसालात हे मत नोंदवून खोडून काढलं. अकराव्या शतकात कोर्दोबाच्या इब्न हज्म यांनी मात्र, वारस नसलेल्या नातलगांसाठी वसीयत फर्ज, म्हणजे सक्तीचीच आहे, असं जोर देऊन मांडलं.

१९४६ साली इजिप्तनं ७१ क्रमांकाचा वसीयत कायदा केला, तेव्हा हे बाजूला पडलेलं मत कामाला आलं. आजोबांच्या आधी वडील वारले आणि काका हयात असले, तर जुन्या नियमानं नातवाला वारसा मिळत नाही. इजिप्तच्या कायद्यानं अशा नातवंडांसाठी, इस्टेटीच्या एक-तृतीयांशाच्या आत, सक्तीची वसीयत मानली. आजोबांनी ती केली नसली तरी केली असं धरायचं. भारतात हनफी आणि शाफई कुटुंबांतल्या अशा नातवाला अजूनही आजोबांनी हयातीत काही देऊन ठेवलं, किंवा त्याच एक-तृतीयांशाच्या आत स्वतःहून वसीयत केली, तरच काही मिळतं.