सकाळी न उठणारा पीसी

नौपाड्यातल्या आत्याचा पीसी 2011 चा. सोसायटीचे सगळे हिशेब त्यावरच. डिसेंबरात तिचा फोन आला, "अरे, सकाळी बटण दाबलं की पंखा नुसता हलतो नि थांबतो. तिसऱ्या-चौथ्यांदा दाबलं की होतो सुरू. मग दिवसभर काही तक्रार नाही." मी एवढंच विचारलं, "आत्या, रात्री भिंतीवरचा स्विच बंद करतेस?" करत होती.

गार असताना अडणारा आणि तापला की चालणारा पीसी दिसला, की माझा पहिला संशय एसएमपीएसवर जातो. भिंतीतल्या 230 व्होल्टचे 12, 5 आणि 3.3 व्होल्ट करून देणारी ही पेटी. तिच्यात इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात: अ‍ॅल्युमिनिअमच्या पातळ पट्ट्या, मध्ये द्रवात भिजलेला कागद, आणि ही गुंडाळी एका छोट्या डबीत बंद. डबीच्या रबरी बुचातून तो द्रव वर्षानुवर्षं कणाकणाने उडत राहतो. तो आटत जातो तसा कपॅसिटरचा अंतर्गत रोध वाढतो. गारठ्यात द्रवातले आयन मंद होतात, रोध आणखी चढतो आणि व्होल्टेज डळमळू लागतं. ते स्थिर झालं की एसएमपीएस मदरबोर्डला 'पुरवठा ठीक' असा इशारा देतो. तो मिळेपर्यंत प्रोसेसर जागा होत नाही. बटण पुन्हा पुन्हा दाबताना मात्र कपॅसिटर थोडा थोडा तापतो, रोध उतरतो आणि पीसी उठतो. भिंतीवरचा स्विच चालू असेल तर बंद पीसीतही 5 व्होल्टची स्टँडबाय वाहिनी जागी असते, पेटी किंचित कोमट राहते. माझा प्रश्न त्यासाठी होता.

कपॅसिटरचं आयुष्य ढोबळमानाने मोजता येतं. समजा डबीवर 105 अंश आणि 2000 तास लिहिलंय. तापमान दर 10 अंशांनी उतरलं की आयुष्य साधारण दुप्पट होतं. म्हणजे 65 अंशांना चारदा दुप्पट, 32,000 तास. रोज आठ तास वापरलं तर जवळपास अकरा वर्षं. आता पंख्यावर धूळ बसून आतलं तापमान 75 अंशांवर गेलं, तर साडेपाचच. आपल्याकडे रस्त्याकडेच्या घरात ही धूळ सहा महिन्यांत कापसासारखी साचते. म्हणूनच मऊ ब्रशने पंखे साफ करणं मला कुठल्याही दुरुस्तीहून मोलाचं वाटतं.

संशय तपासायला दुसरा चालू एसएमपीएस लावून बघावा. मदरबोर्डवरचे कपॅसिटर नुसत्या नजरेनेही कळतात: माथा सपाट हवा, फुगलेला किंवा तपकिरी डागाचा नको. पण एसएमपीएसची पेटी घरी उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 325 व्होल्ट असतात, आणि प्लग काढल्यावरही ते काही वेळ टिकू शकतात.

पीसीची तारीख-वेळ रोज मागे जात असेल तर मदरबोर्डवरचा बटणासारखा चपटा सेल गेलाय. सीआर 2032 या नावातच माप आहे, व्यास 20 मिलिमीटर, जाडी 3.2. हा सेल जे घड्याळ चालवतो त्याचा क्वार्ट्‌झ स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो. हा आकडा पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर 1 उरतो, म्हणून तो निवडलेला.

खाडीकाठच्या दमट पावसाळ्यात नुसते बीप वाजून पडदा काळा राहिला, तर प्लग काढून रॅम उपसा आणि पुन्हा नीट बसवा. सरकताना संपर्कावरचा पातळ थर खरवडला जातो. खोडरबर वापरलंच तर अगदी हलक्या हाताने, कारण सोन्याचा मुलामा फार पातळ असतो.

हार्ड डिस्क टकटक करू लागली तर मात्र आधी फायली उतरवून घ्या, बाकी नंतर. आत्याची डिस्क शांत होती, तरी एसएमपीएस बदलण्याआधी मी अकरा वर्षांचे हिशेब पेनड्राइव्हवर घेतले.