लोकलमधला ग्रुप

मुंबईच्या उपनगरी रेल्वेत रोज एकाच वेळच्या गाडीने, एकाच डब्यातून आणि बहुतेकदा एकाच दारापाशी उभं राहून प्रवास करणाऱ्या माणसांची आपोआप जमलेली मित्रमंडळी. बोलण्यात तिला नुसतं 'ग्रुप' म्हणतात. 'आमचा ८.१२चा ग्रुप', 'गाडीतल्या मैत्रिणी', 'डब्यातली मंडळी' असेही उल्लेख होतात. गाडीची वेळ हेच ग्रुपचं नाव असतं. वेळापत्रकात ती वेळ दोन मिनिटांनी बदलली, तरी जुनी माणसं जुन्याच वेळेने ग्रुप ओळखतात.

भारतातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे या ३४ किलोमीटरांवर धावली. विजेवरची पहिली लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी (आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, म्हणजे सीएसएमटी) ते कुर्ला अशी हार्बर मार्गावर सुटली. पण ग्रुप ज्या लांब प्रवासातून जन्माला येतो, तो प्रवास नंतर वाढत गेला. कचेऱ्या फोर्ट, चर्चगेट, नरिमन पॉइंटला राहिल्या आणि परवडणारी घरं मात्र दूर दूर सरकत गेली. १९८२च्या गिरणी संपानंतर गिरणगावातली अनेक कुटुंबंही चाळी सोडून डोंबिवली, बदलापूर, नालासोपारा, विरारकडे गेली. मुंबईच्या सीएसएमटीपासून डोंबिवली ४८, कल्याण ५४ आणि बदलापूर ६८ किलोमीटरांवर आहे. चर्चगेट ते विरार ६० किलोमीटर भरतं. बदलापूरहून निघणाऱ्या माणसाचे फास्ट गाडीनेही जाऊन-येऊन अडीच-तीन तास गाडीत जातात. घरात जागेपणी नवराबायकोच्या वाट्याला एकमेकांचा एवढा सलग वेळ क्वचितच येतो. ग्रुपमधल्या मैत्रीची खोली समजून घ्यायची, तर हा हिशोब आधी ध्यानात घ्यायला हवा.

ग्रुप जमतो तो पासमुळे. मासिक, त्रैमासिक, सहामाही किंवा वार्षिक पास काढलेला माणूस रोज तीच गाडी धरतो, फलाटावर त्याच खांबाजवळ उभा राहतो. पहिले काही महिने नुसती नजरानजर होते. मग एखाद्या दिवशी गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबते, कोणीतरी "आज काय झालं हो?" म्हणतं आणि बोलणं सुरू होतं. पुढच्या आठवड्यात जागा धरली जाते, त्यापुढच्या महिन्यात डबा उघडला जातो. ग्रुपमध्ये कोणी रीतसर प्रवेश देत नाही. एक दिवस आपण आलो नाही आणि दुसऱ्या दिवशी "काल कुठे होतात?" असं कोणी विचारलं, की आपण ग्रुपमध्ये आलो असं समजायचं.

माणसांना इथे आडनावं फार उशिरा मिळतात. 'बँकवाले काका', 'मंत्रालयातल्या ताई', 'अंबरनाथचा दादा', 'खिडकीतल्या काकू' अशी ओळख वर्षं वर्षं चालते. घर कुठल्या इमारतीत आहे हे ठाऊक नसतं, पण सासूबाईंची साखर किती आली, धाकट्याला गणितात किती मिळाले, घराच्या कर्जाचे किती हप्ते उरले, हे पाठ असतं. या मैत्रीचं मर्म नेमकं इथेच आहे असं वाटतं. शेजारणीला सांगितलं तर सोसायटीभर होईल, माहेरी सांगितलं तर आई झुरेल, ऑफिसात सांगितलं तर साहेबांपर्यंत जाईल. गाडीतल्या मैत्रिणीचा यातल्या कोणाशीच संबंध नसतो. म्हणून घरच्यांनाही न सांगितलेली अंगातली गाठ, न झालेलं प्रमोशन, नवऱ्याची सुटलेली नोकरी आधी डब्यात सांगितली जाते, तीही हप्त्याहप्त्याने. दादर आलं की गोष्ट थांबते आणि संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू होते.

जागेचे नियम कुठे लिहिलेले नसले, तरी कडक असतात. तिघांच्या बाकावर चौथ्याने टेकायचं, ती 'चौथी सीट'. गर्दीच्या वेळी उभ्या प्रवाशांची दाटी चौरस मीटरला १४ ते १६ माणसांपर्यंत जाते. रेल्वेच्या भाषेत हा 'सुपर डेन्स क्रश लोड'. अशा दाटीत बाकाची चार बोटं कडही मोलाची असते. गाडी जिथून सुटते तिथे चढणारा जागा धरतो आणि अर्ध्या वाटेवर उठून उभ्या असलेल्या मित्राला बसवतो. "या, बसा आता, मी ठाण्यापर्यंत बसलोच की," हे वाक्य रोजचं. उभ्या बाईची पिशवी बसलेल्या बाईच्या मांडीवर जाते, बॅगा हातोहात वरच्या रॅकवर पोचतात. काही जण जागेसाठी आधी उलट दिशेने मागच्या स्टेशनाला जातात आणि त्याच गाडीत बसून परत येतात. याला 'डाऊन करून येणं' म्हणतात. अशा वेळी एक जण चौघांची जागा राखतो आणि वाद होतो तो इथूनच.

ग्रुपमध्ये नसलेल्या प्रवाशाचा अनुभव वेगळा असतो, हे नोंदवलं पाहिजे. रुमाल टाकून जागा अडवणं, नव्या माणसाला दारातून आत येऊ न देणं, मधल्या स्टेशनाला चढणाऱ्याला टोमणे मारणं, पत्त्यांच्या डावासाठी चौघांच्या मधली जागा अडवणं हे प्रकार होतात आणि त्यांतून मारामारीपर्यंत गोष्टी गेल्या आहेत. राखीव नसलेल्या डब्यात दुसऱ्या प्रवाशाला येण्यास अटकाव करणं हा रेल्वे कायदा १९८९च्या कलम १५५नुसार गुन्हा आहे. आपल्या चार माणसांवर माया करताना पाचव्याला दाराबाहेर ठेवणं हा ग्रुपचा खरा दोष आहे. त्याचं समर्थन करता येत नाही. तोच पाचवा माणूस वर्षभराने ग्रुपचा जीव की प्राण होऊन बसतो, हेही तितकंच खरं.

बायकांच्या डब्यातलं ग्रुपचं जग अधिक भरलेलं असतं. परतीच्या गाडीत मांडीवर वर्तमानपत्र पसरून मेथी निवडली जाते, गवार मोडली जाते, मटार सोलले जातात. शेजारची जरा हात लावते आणि घरी पोचेपर्यंत उद्याची भाजी तयार असते. फिरत्या विक्रेत्या बायकांकडून पिना, कानातली, रुमाल यांची खरेदी होते आणि रंग कोणता शोभतो यावर सगळ्या बाकाचं मत घेतलं जातं. भिशी असते. संक्रांतीनंतर रथसप्तमीपर्यंतच्या एखाद्या दिवशी डब्यात हळदीकुंकू होतं. तिळगूळ, वाण म्हणून एखादी वाटी किंवा पर्स, आणि गाडीच्या खडखडाटावर आवाज चढवून घेतलेले उखाणे. पश्चिम रेल्वेने ५ मे १९९२ रोजी चर्चगेट–बोरिवली ही संपूर्ण महिलांची लोकल सुरू केल्यावर या सगळ्याला अख्खी गाडीच मिळाली.

डब्यातलं डोहाळजेवण जवळून पाहण्यासारखं असतं. आदल्या दिवशी कोणी काय आणायचं ते ठरतं. एकीकडे मसालेभात, एकीकडे दहीभात, तिसरीकडे पुऱ्या. फुलांची वेणी, बाजूबंद आणि कंबरपट्टा बाजारातून आणायचं काम स्टेशनाजवळ राहणारीकडे. सातवा महिना लागलेल्या मुलीला खिडकीशी बसवतात. सुरुवातीच्या स्टेशनाला गर्दी कमी असते, तेवढ्यात फुलं बांधून होतात. कुंकू लावायला हात पुढे येतो, नेमकी गाडी रूळ बदलते आणि टिळा भुवईवर जातो. सगळ्या हसतात, ओल्या रुमालाने तो पुसून पुन्हा लावतात. ओटीचा नारळ पर्समध्ये मावत नाही म्हणून तिच्या मांडीवरच राहतो. दोन झाकलेल्या वाट्यांपैकी एक तिने उघडायची, पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. निघेल ते मोडून सगळ्यांना वाटतात, दारात लटकलेल्या अनोळखी मुलीच्या हातावरही तुकडा ठेवतात. कुर्ला येईपर्यंत डबे धुतल्यासारखे रिकामे. बाळंतपणाच्या रजेनंतर ती परत येते, तेव्हा बाळाचा फोटो सगळ्या डब्यात फिरून तिच्याकडे येतो.

दुःखाची रीत याहून शांत असते. घरात कोणी गेलेलं असतं, दिवसकार्य आटोपून बाई पुन्हा कामावर निघते. फलाटावर कोणी काही विचारत नाही. खिडकीची जागा तिला मिळते, कोणीतरी पिशवी काढून घेतं, कोणीतरी हातावर हात ठेवतं. ती खिडकीबाहेर बघत रडून घेते आणि मैत्रिणी तिच्या पाठीमागे भिंतीसारख्या उभ्या राहतात, म्हणजे बाकीच्या डब्याला दिसू नये. पुढच्या स्टेशनाच्या आत एखादी डबा उघडून म्हणते, "घे गं दोन घास, सकाळी काही खाल्लं नसशील." घरात पाहुण्यांची उठबस करताना जे रडू आवरलेलं असतं, ते इथे मोकळं होतं.

पुरुषांच्या डब्यात सुखदुःख वेगळ्या वाटेने व्यक्त होतं. वाढदिवसाला वडापाव किंवा समोसे, मुलाच्या निकालाला पेढे, नवी गाडी घेतली की पुन्हा पेढे. राजकारण, क्रिकेट आणि बाजारभाव यांवर रोजचा वाद. मनातलं थेट बोललं जात नाही. पण दोन दिवस गप्प असलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी दाराशी बाजूला घेऊन "काय झालंय?" असं विचारलं जातं. इस्पितळात रक्त द्यायला, रात्री सोबतीला थांबायला डब्यातले मित्र येतात. पैशाची नड भागवली जाते, तीही कागदावर न लिहिता.

भजनी मंडळं ही या ग्रुपची जुनी शाखा. टाळ पिशवीत असतात, ताल डब्याच्या पत्र्यावर धरला जातो. गणपतीच्या नमनाने सुरुवात होऊन अभंग, गौळण असा क्रम स्टेशनांच्या अंतराप्रमाणे बसवलेला असतो आणि उतरायच्या आधी भैरवी आटोपते. झोप मोडते म्हणून तक्रार करणारे प्रवासी असतात, रेल्वेनेही अशा मंडळांवर वेळोवेळी बंधनं आणली आहेत. दसऱ्याला सुट्टी म्हणून डब्याची पूजा खंडेनवमीला करतात. झेंडूची तोरणं, आंब्याचे टहाळे, दारावर रांगोळीचे स्टिकर, देवाची तसबीर, नारळ. मोटरमन आणि गार्ड यांना फुलं आणि पेढे देतात. वर्षभर जी गाडी सुखरूप नेते-आणते तिला हात जोडणं, शेतकऱ्याने बैलाला आणि कारागिराने हत्याराला जोडावेत तसंच.

सुखरूप या शब्दाला इथे वजन आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या. अनेकांनी ती रात्र डब्यात काढली, तर कित्येक जण ग्रुपच्या माणसांचे हात धरून रुळांवरून चालत गेले. ११ जुलै २००६च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये पहिल्या वर्गाच्या डब्यांत सात स्फोट झाले आणि १८०हून अधिक माणसं गेली. दुसऱ्या दिवशी गाड्या सुरू होत्या. लोकांनी तीच गाडी पुन्हा धरली, याला बाहेरच्यांनी 'मुंबई स्पिरिट' म्हटलं. पोट कोणाला घरी बसू देत नव्हतं, हे खरं. पण रोजची माणसं आली आहेत की नाही हे डोळ्यांनी पाहायलाही कित्येक जण फलाटावर गेले असणार.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदीबरोबर लोकल थांबली. १५ जून २०२०पासून ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी धावली, २१ ऑक्टोबरपासून सर्व स्त्रियांना ठरावीक वेळांत मुभा मिळाली आणि लशीच्या दोन मात्रा घेतलेल्या सर्वसामान्यांना १५ ऑगस्ट २०२१पासून प्रवेश मिळाला. एवढा काळ ग्रुप फोनवर जगले. एरवी "अंबरनाथ सोडलं, मागून तिसरा डबा" एवढंच लिहिलं जाई, तिथे प्राणवायूचं सिलिंडर कुठे मिळेल, कोणाच्या घरी डबा पोचवायचा, हे लिहिलं जाऊ लागलं. गाड्या पूर्ववत झाल्यावर काही जागा रिकाम्या राहिल्या. काही जणांची नोकरी गेली होती, काहींना घरून काम मिळालं होतं, काही जण उरले नव्हते.

ग्रुप एरवी मोडतो तो वेळापत्रकामुळे. एखादी गाडी रद्द झाली, फास्टची स्लो झाली, की पंधरा वर्षांची मंडळी चार गाड्यांत विखुरते. साधी लोकल वातानुकूलित केली, की पासाच्या भाड्याचा फरक न परवडणारे बाहेर राहतात. ऑगस्ट २०२२मध्ये याच कारणावरून कळवा आणि बदलापूर इथे प्रवाशांनी विरोध केला आणि मध्य रेल्वेला नव्याने वातानुकूलित केलेल्या १० फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. बातम्यांत तो भाड्याचा आणि गर्दीचा प्रश्न होता. त्या फेऱ्यांत रोजची सोबतही होती, हे तिथे चढणाऱ्यांनाच ठाऊक.

लांब पल्ल्याच्या पासधारकांतही हीच रीत दिसते. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या 'दख्खनची राणी' (डेक्कन क्वीन) या गाडीचा वाढदिवस तिचे प्रवासी दर वर्षी पुणे स्थानकावर केक कापून साजरा करतात. नाशिककरांच्या पंचवटी एक्सप्रेसमध्ये पासधारकांनी स्वतःच नियम घालून घेतलेला 'आदर्श कोच' चालवला.

निवृत्तीच्या दिवशी ग्रुप आपल्या माणसाला हार घालतो, शाल आणि श्रीफळ देतो. सकाळी गाडीत नाश्ता होतो. संध्याकाळी परतताना नेहमीप्रमाणे डोंबिवलीला, अंबरनाथला उतरणारे त्या दिवशी उतरत नाहीत, शेवटच्या स्टेशनापर्यंत जातात. रिक्षात दाटीवाटीने बसून काकांच्या घरी पोचतात. काकू दार उघडतात आणि वीस वर्षं ज्यांची नावं रोज ऐकली ती माणसं पहिल्यांदा दारात उभी असतात. चपला काढायला जागा पुरत नाही. चहा होतो, आणि "ही ती गॅलरी का, जिथली मोगऱ्याची फुलं तुम्ही आणायचात?" असं कोणीतरी विचारतं.