एक बल्ब गेला की माळ बंद, आणि त्यातूनच सापडतं पाण्यातलं तांबं

राजापूरला आमच्या घरी मखराला लावायची एक जुनी लायटिंगची माळ होती, बारक्या बल्बांची, एक बल्ब गेला की अख्खी माळ बंद. मग चतुर्थीच्या आदल्या रात्री बाबा एकेक बल्ब काढून बघत बसायचे आणि माळ शिव्या खायची. पाण्यातलं तांबं किंवा पारा शोधायला शास्त्रज्ञांनी नेमकी हीच खोड कामाला लावलीय.

आधी चमकण्याचं बघू. चिमूटभर हळद स्पिरिटमध्ये कालवा (चुलीपासून लांब!), गाळ खाली बसू द्या आणि अंधारात त्यावर नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च मारा, वरचं स्पिरिट हिरवट पिवळं पेटतं. हळदीतलं कर्क्युमिन न दिसणारा प्रकाश गिळतं, थोडी ऊर्जा वाटेत सांडतं आणि उरलेली दिसणाऱ्या रंगात बाहेर टाकतं, याला फ्लोरोसेन्स म्हणतात, नाव 1852 मध्ये स्टोक्सने दिलं. रात्री किनाऱ्यावर लाटा निळ्या चमकतात ते वेगळं बरं का, तिथल्या नॉक्टिल्युका नावाच्या बारक्या समुद्री जीवाला टॉर्च लागत नाही, तो स्वतःच केमिकल रिअॅक्शन करून उजेड पाडतो.

काही पॉलिमरही (म्हणजे रेणूंच्या लांबलचक साखळ्या) असे चमकतात, ज्यांच्या साखळीत अणूंना जोडणारे डबल बाँड एकआड एक असतात ते. ते टीएचएफ नावाच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवायचे आणि सिरिंजने भसकन पाण्यात सोडायचे. साखळीला पाण्याचं वावडं, म्हणून ती अंग चोरून गुंडाळते आणि दहा-वीस-तीस नॅनोमीटरचे गोळे तयार होतात. आपला केसच साधारण 80,000 नॅनोमीटर जाड, त्यावरून अंदाज घ्या.

आता खरी गंमत. प्रकाशातून मिळालेली ऊर्जा साखळीत एका जागी थांबत नाही, भटकते, आणि वाटेत कुठेही तांब्याचा एखादा आयन (विद्युतभार असलेला अणू) चिकटलेला भेटला की तिथेच गडप. आयन एकच, पण माळेचा मोठा तुकडा विझतो. 1995 मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्वेगर या रसायनशास्त्रज्ञांनी हे सुट्या साखळ्यांवर दाखवलं, विझवायला घेतलं होतं पॅराक्वाट, बागायतदारांना माहीत असलेलं तणनाशक! पुढे याच युक्तीने टीएनटी या स्फोटकाची वाफ हुंगणारे सेन्सर झाले.

गोची अशी की माळ विझवायला कोणीही चालतं. आपला जांभा लोखंडाने भरलेला, पहिल्या पावसात विहिरीचं पाणी लाल, आणि लोखंडही चमक विझवतं. म्हणजे तांबं सापडलं म्हणून गावभर बोंब व्हायची आणि निघायची आपलीच लाल माती. म्हणून गोळ्यावर तांब्यालाच धरतील असे रेणू बसवतात, शिवाय आत न विझणारा दुसरा रंग घालतात आणि दोन्हींचं गुणोत्तर मोजतात, त्यामुळे टॉर्चचा सेल उतरला तरी हिशोब चुकत नाही. पाणी मात्र आधी गाळून घ्यावंच लागतं, कारण गढूळपणा दोन्ही रंगांना सारखा अडवत नाही.